बदनामीचा बाजार : हसे कोणाचे, नफा कोणाचा?

बाजारात प्रत्येक वस्तूला भाव असतो हे आपण जाणतो. पण बदनामीलाही भाव असतो, तिचाही जमाखर्च मांडता येतो, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. विनोदाच्या नावाखाली एखाद्या समाजाची, देशाची किंवा व्यक्तीची टर उडवायची, दुखावलेल्यांनी आरडाओरड केली की त्या आरडाओरडीवर आपला माल खपवायचा, असा हा धंदा आहे. या धंद्याचा हिशेब समजून घेण्यासाठी कझाकस्तानचे उदाहरण पाहण्यासारखे आहे.

कझाकस्तान हा मध्य आशियातील मुस्लिमबहुल देश. क्षेत्रफळाने जगात नववा, म्हणजे भारतापेक्षा थोडाच लहान. तेल आणि युरेनियम यांनी समृद्ध. पण पश्चिमेकडील सामान्य माणसाला २००५ पूर्वी या देशाचे नावही धड ठाऊक नव्हते. नेमकी हीच गोष्ट ब्रिटिश विनोदी नट सॅशा बॅरन कोहेन याने हेरली. त्याने ‘बोराट’ नावाचा कझाक पत्रकार उभा केला. अडाणी, अस्वच्छ, स्त्रियांचा आणि ज्यूंचा द्वेष करणारा. कझाक लोक, त्यांची भाषा, त्यांच्या चालीरीती यांपैकी कशाशीही या पात्राचा संबंध नव्हता. कोणालाच काही माहीत नसलेला देश निवडला म्हणजे त्याच्याविषयी काहीही सांगितले तरी खपते, एवढाच हिशेब. आपला खरा रोख अमेरिकन समाजातील पूर्वग्रहांवर आहे, असे कोहेनचे म्हणणे होते. त्यात तथ्यही आहे. परंतु नाव वापरले गेले ते कझाकांचेच.

निषेधाची फुकट जाहिरात

नोव्हेंबर २००५ मध्ये लिस्बन येथे एमटीव्हीच्या संगीत पुरस्कार सोहळ्याचे सूत्रसंचालन कोहेनने बोराटच्या वेषात केले. कझाकस्तानच्या परराष्ट्र खात्याने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. कोहेनने काय करावे? त्याने बोराटच्याच वेषात उत्तर दिले की, या कोहेनवर जरूर खटला भरा, माझा पाठिंबा आहे! डिसेंबरमध्ये कझाकस्तानच्या नावाने चालणारे बोराटचे संकेतस्थळ बंद करण्यात आले. त्याचीही जगभर बातमी झाली. सरकार जितके रागावत होते तितका विनोदाला नवा मसाला मिळत होता.

सप्टेंबर २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष नूरसुलतान नझरबायेव अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. त्या सुमारास ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये कझाकस्तानची चार पानी जाहिरात पुरवणी निघाली. तिचा बोराटशी संबंध नाही असे अधिकारी सांगत राहिले, पण वृत्तपत्रांनी दोन्ही गोष्टी एकत्रच जोडल्या. कोहेन वेष करून वॉशिंग्टनमधील कझाक वकिलातीसमोर उभा राहिला आणि पुरवणीतील मजकूर खोटा असल्याचे पत्रकारांना सांगू लागला. पैसा एका देशाच्या तिजोरीतून गेला आणि जाहिरात एका चित्रपटाची झाली.

चित्रपटाच्या यशाची खात्री खुद्द स्टुडिओलाही नव्हती. त्यामुळे ३ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेत तो केवळ ८३७ थिएटरांत लावला गेला. पहिल्या तीन दिवसांतच सुमारे २ कोटी ६४ लाख डॉलर जमा झाले. दुसऱ्या आठवड्यात थिएटरांची संख्या अडीच हजारांवर नेण्यात आली. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून बनलेल्या या चित्रपटाने जगभरात २६ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला केला. रशियाने त्याला प्रदर्शनाचा परवाना दिला नाही, बहुतेक अरब देशांत तो लागला नाही. तरी धंद्याला काही धक्का बसला नाही.

ही युक्ती जुनीच

ही रीत काही नवी नाही. १९७९ मध्ये मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचा ‘लाइफ ऑफ ब्रायन’ हा चित्रपट आला. धर्मनिंदेचा आरोप होईल या भीतीने मूळ कंपनीने पैसा काढून घेतला, तेव्हा बीटल्समधील जॉर्ज हॅरिसनने भांडवल पुरवले. ब्रिटनमधील काही नगरपालिकांनी चित्रपटावर बंदी घातली. त्यांतील काहींच्या हद्दीत तर एकही सिनेमागृह नव्हते! लोक गाड्या करून शेजारच्या गावी जाऊन तो पाहून आले. नॉर्वेने बंदी घालताच शेजारच्या स्वीडनमध्ये जाहिरात झळकली ती अशा अर्थाची की, हा चित्रपट इतका विनोदी आहे की नॉर्वेत त्यावर बंदी आहे. बंदीचा हुकूमच दुकानाची पाटी झाला.

आपल्या मुंबईतही डिसेंबर २०१४ मध्ये वरळीला एआयबी या मंडळीचा शिवराळ विनोदाचा कार्यक्रम झाला. जानेवारी २०१५ मध्ये त्याची चित्रफीत यूट्यूबवर आली. पोलिसांत तक्रारी झाल्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीस ती काढून घ्यावी लागली. पण तोवर लाखो लोकांनी ती पाहिली होती आणि काढल्यानंतरही तिच्या नकला हातोहात फिरत राहिल्या.

प्रत्येक वाद म्हणजे नफा नव्हे

मात्र वाद झाला की पैसा मिळतोच, असा निष्कर्ष कोणी काढू नये. सोनी कंपनीच्या ‘द इंटरव्ह्यू’ या विनोदी चित्रपटात उत्तर कोरियाच्या हुकूमशहाच्या हत्येचा कट दाखवला होता. २०१४ च्या अखेरीस कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला, अंतर्गत कागदपत्रे चव्हाट्यावर आली. धमक्यांमुळे मोठ्या थिएटर कंपन्यांनी चित्रपट लावण्यास नकार दिला. नाव घरोघरी पोहोचले आणि इंटरनेटवरून सुमारे ४ कोटी डॉलर आलेही, पण निर्मितीचा खर्चच ४ कोटी ४० लाख डॉलरच्या घरात होता, प्रसिद्धीचा खर्च वेगळा. वाद ही उधारीची उलाढाल आहे. वसुली होईलच याची हमी नसते.

ज्याची टर उडाली त्याचे काय?

कझाकस्तानकडे परत वळू. २०१२ मध्ये कुवेतमधील नेमबाजी स्पर्धेत कझाक खेळाडूला सुवर्णपदक मिळाले, तेव्हा आयोजकांनी चुकून बोराट चित्रपटातील टवाळ गीत राष्ट्रगीत म्हणून वाजवले. त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री येरझान कझिखानोव्ह यांनी संसदेत मात्र सांगितले की, चित्रपटानंतर व्हिसाची मागणी दहा पटींनी वाढली, त्याबद्दल आपण बोराटचे आभारी आहोत. याच काळात देशात तेलाचा पैसाही येत होता, म्हणून सारे श्रेय विनोदाला देणे आम्हाला पटत नाही. पण सरकारचा पवित्रा बदलला हे खरे. २०२० मध्ये दुसरा भाग आला तेव्हा निषेधाच्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. पर्यटन खात्याने मात्र बोराटचेच ‘व्हेरी नाइस’ हे पालुपद उचलून देशातील डोंगर, खाद्यपदार्थ आणि बाजार दाखवणाऱ्या छोट्या जाहिराती काढल्या. ज्या शब्दांनी हसे झाले, तेच शब्द आपल्या मालावर चिकटवले.

परंतु या जमाखर्चात एक खाते असे आहे की ज्याकडे कोणी पाहत नाही. चित्रपटात बोराटचे गाव म्हणून दाखवलेले खेडे कझाकस्तानात नव्हते. ते रुमानियातील ग्लोद नावाचे गरीब रोमा वस्तीचे गाव होते. आपल्यावर माहितीपट काढला जात आहे असे आम्हाला वाटले आणि हातावर किरकोळ पैसे ठेवले गेले, असे तेथील लोकांचे म्हणणे होते. चित्रपट कंपनीने हे आरोप फेटाळले. न्यूयॉर्कच्या न्यायालयात ३ कोटी डॉलरचा दावा दाखल झाला, पण त्यातील आरोप फार मोघम असल्याचे न्यायाधीशांनी सांगितले आणि दाव्याला यश आले नाही.

कझाकस्तानकडे तेल होते, डोंगर होते, जाहिरातीला पैसा होता. म्हणून त्याने बदनामीतूनही गिऱ्हाईक ओढले. ग्लोदकडे विकण्यासारखे काहीच नव्हते. त्यांच्या वाट्याला फक्त हसू आले. बदनामीतून नाव होते असे जे सर्रास सांगितले जाते, ते ज्याच्याकडे दुकान आहे त्याच्यापुरतेच खरे आहे.

दुखावलेल्यांनी मुकाट बसावे असे आम्ही म्हणत नाही. इज्जत ही भाव करण्याची वस्तू नाही, आणि जिथे कायद्याचा भंग होतो तिथे कायद्याचा मार्ग खुला आहे. पण निषेधाची पत्रके छापण्यापूर्वी, रस्त्यावर उतरण्यापूर्वी एक हिशेब जरूर करावा. आपल्या या आवाजाने कोणाची तिकिटे खपणार आहेत? आणि तेवढीच शक्ती, तेवढाच पैसा आपली खरी ओळख, आपला माल, आपली कला लोकांसमोर मांडण्यात घातला तर? कझाकस्तानला हे उमगायला चौदा-पंधरा वर्षे लागली. आपल्याला किती लागावीत, याचा वाचकांनी विचार करावा.