माल वळसा घेऊन येतो
२०१८ साली अमेरिकेने चिनी मालावर जादा आयातशुल्क बसवलं. २०२३ मध्ये अमेरिकेला सर्वाधिक माल विकणारा देश म्हणून मेक्सिकोने चीनला मागे टाकलं. व्यापार काही थांबला नाही. माल वळसा घेऊन येऊ लागला. व्हिएतनाममध्ये जोडणी होऊन अमेरिकेत जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे बरेच सुटे भाग आजही चीनमधूनच येतात. मधे एक देश वाढला की वाहतूक वाढते, कागदपत्रं वाढतात आणि तो खर्च बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो. मोंतेरेसारख्या मेक्सिकन शहरात कारखाने आले, हे चांगलंच झालं. मला काळजी वाटते ती गरीब देशांची. तयार कपडे निर्यात करत बांगलादेश जसा सावरला, तशी संधी आफ्रिकेतल्या देशांना मिळणं, आयातशुल्काच्या अशा भिंती वाढत गेल्या तर, यापुढे अवघड होत जाईल.