ट्रॅक्टर सुरू करताना होणारे आवाज : दोषांची ओळख व उपाय

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला म्हणजे पेरणीस मिळणारे दिवस मोजकेच असतात. नेमक्या त्याच वेळी, काही आठवडे उभा असलेला ट्रॅक्टर चावी फिरविताच सुरू न होता नुसता टकटकाट किंवा खरखराट करतो, असा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांस येतो. मग घाईने पुन्हा पुन्हा चावी फिरविली जाते आणि जो दोष अर्ध्या तासात घरीच दूर झाला असता, तो वाढून ट्रॅक्टर मिस्त्रीच्या हवाली करावा लागतो. वास्तविक पहिला आवाज कान देऊन ऐकला, तर दोष कोठे आहे हे बहुधा कळून येते. जीप व मोटारगाडी यांसही ही माहिती बव्हंशी लागू पडते.

इ. स. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीस चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसविण्यात आला. त्यापूर्वी हँडल मारताना उलटा झटका बसून अनेकांचे हात मोडत. खेड्यांत ज्यास ‘सेल्फ’ म्हणतात तो हाच स्टार्टर. चावी फिरविली म्हणजे सोलेनॉइडमधील लोखंडी दांडा ओढला जातो. तो पिनियन नावाचे लहान चक्र फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यात ढकलतो व त्याच वेळी मोटारीस बॅटरीचा मुख्य प्रवाह जोडून देतो.

‘टक-टक-टक’ असा भराभर आवाज येऊन इंजिन मुळीच फिरत नसेल, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची जोडणी खराब आहे असे समजावे. मोटारीने प्रवाह ओढताच विजेचा दाब कोसळतो व दांडा सुटतो. तो सुटताच दाब पुन्हा वाढतो व दांडा पुन्हा ओढला जातो. आवाज मोठा असला तरी स्टार्टर बिघडला असे समजून तो खोलण्याचे कारण नाही. प्रथम बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर जमला आहे काय, ते पाहावे. तसे असल्यास आधी ऋण बाजूची, म्हणजे आर्थिंगची तार सोडावी व नंतर धन बाजूची. बॅटरीची झाकणे घट्ट लावून खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टोके धुवावीत, कोरडी करून घासावीत, घट्ट आवळावीत व वर व्हॅसलीन लावावे. जोडताना ऋण तार शेवटी जोडावी. आर्थिंगच्या तारेचे दुसरे टोक ट्रॅक्टरच्या सांगाड्यास जेथे बोल्टने जखडलेले असते, तेथे चिखल व गंज साचतो. ही जागा फार थोडे लोक तपासतात. एवढे करूनही आवाज तोच राहिल्यास बॅटरी मोजून घ्यावी. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.४ च्या खाली गेल्यास ती भरून घेणे आवश्यक होय. बॅटरीजवळ विडी अथवा काडी पेटवू नये, कारण तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो.

एकच जड ‘टक्’ होऊन सर्व शांत झाले, तर समोरचे दिवे लावून पुन्हा एकदा चावी फिरवावी. दिवे तेजस्वी राहिले, तर बहुधा सोलेनॉइडचे संपर्क जळाले आहेत किंवा मोटारीचे कार्बन झिजले आहेत; हे काम मिस्त्रीचे. दिवे अगदी मंदावले व बॅटरी आणि जोडणी ठीक असेल, तर स्टार्टर किंवा खुद्द इंजिन अडकल्याचा संशय घ्यावा. उभ्या सायलेन्सरवर झाकण नसल्यास पावसाचे पाणी इंजिनात उतरू शकते. अशा स्थितीत जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. सायलेन्सरवर पालथा घातलेला पत्र्याचा डबा हे नुकसान टाळतो.

याच वेळी काही जण खाली उभे राहून स्टार्टरची टोके पेचकसाने जोडतात. ही सवय प्राणघातक आहे. क्लच दाबल्याखेरीज किंवा गिअर मोकळा असल्याखेरीज ट्रॅक्टर सुरू होऊ नये म्हणून ठेवलेली व्यवस्था यामुळे निरुपयोगी होते. गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर सुरू होताच पुढे उभ्या माणसाच्या अंगावरून जातो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक चालकास निक्षून सांगावी.

मोटार ‘घर्रर्र’ अशी मोकळी फिरते, पण इंजिन फिरत नाही, तेव्हा पिनियन धूळ-ग्रीसने अडकलेले असते किंवा त्याचा एकदिशी क्लच घसरत असतो. दातांवर दात घासल्यासारखा कर्कश आवाज मात्र अधिक खर्चाचा समजावा. आधी स्टार्टरचे बोल्ट सैल नाहीत ना, ते पाहावे. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा ठरावीक दोन जागांवरच थांबते. त्यामुळे कड्याचे दात तेथेच झिजतात व आवाज कधी येतो, कधी येत नाही. कडे वेळीच काढून, उलटे करून बसविता येते काय, हे कारखान्यात विचारावे. चावी एका वेळी १० सेकंदांहून अधिक धरू नये व मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबावे.

इंजिन सुरू झाल्यावर पट्टा किंचाळत असेल, तर तो ताणावा किंवा बदलावा. थंड डिझेल इंजिनाचा ठोका तापल्यावर कमी होत असेल, तर काळजी नको. परंतु खडखड चालूच आहे व तेलाच्या दाबाचा दिवा विझत नाही, असे दिसताच इंजिन तत्काळ बंद करून तेलाची पातळी पाहावी. पातळी बरोबर असूनही दिवा तसाच राहिल्यास मिस्त्री येईपर्यंत ते पुन्हा चालवू नये.