प्लगमध्ये लपलेली शेगडी

समजा, तुम्ही सास्तूरला राहता. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या खोऱ्यात हे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात ते उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा उभे राहिले. या भागातील जुनी घरे दगडमातीची, जाड भिंतींची आणि वर मातीच्या जड छपराची असत. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधून ठेवणारे लांब दगड त्यांत बहुधा नसत. धक्का बसताच थर सुटले, छपरे खाली आली आणि हजारो माणसे झोपेतच दगावली. त्यानंतर कित्येक कुटुंबांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले. पत्र्याची खोली वजनाला हलकी आणि उभारायला सोपी. पण उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापते आणि थंडीत गारठून जाते.

अशीच एक पत्र्याची खोली तुमच्या घरामागे आहे असे समजू या. तीच तुमची कार्यशाळा. एका कोपऱ्यात रंधा मारल्यावर पडलेला लाकडाचा भुसा, दुसऱ्या कोपऱ्यात रंगाचा डबा आणि थिनरची बाटली. विज्ञान प्रदर्शन आठ दिवसांवर आले आहे. डिसेंबरची रात्र असल्यामुळे बोटे आखडू लागतात. तेव्हा तुम्ही घरातला २००० वॅटचा हीटर उचलून आणता. पण खोलीत सॉकेट एकच, आणि तेही बारीक पिनांचे. हीटरचा जाड पिनांचा प्लग त्यात बसत नाही. मग तुम्ही प्लग काढून टाकता, वायरची दोन टोके सॉकेटच्या भोकांत खुपसता आणि आगकाड्या ठोकून ती घट्ट बसवता. तिसरी, हिरवी वायर तशीच लोंबत राहते. बटण दाबताच हीटर लालभडक होतो. खोलीत छान ऊब येते.

अर्ध्या तासाने जळक्या प्लॅस्टिकचा वास येऊ लागतो. तुम्ही फ्यूज पाहता. तो शाबूत आहे. हीटरही नीट चालू आहे. मग जळते आहे ते काय?

या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाकडे जाऊ. तो मँचेस्टरजवळच्या एका मद्य-उत्पादकाचा मुलगा. त्याने आपले सुरुवातीचे प्रयोग एखाद्या मोठ्या विद्यापीठात नव्हे, तर घरच्या प्रयोगशाळेतच केले. पाण्यात बुडवलेल्या तारेतून तो विद्युत्प्रवाह सोडी आणि पाणी किती तापले ते मोजी. १८४१ साली त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. हाच ज्यूलचा नियम तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकता.

आता आपल्या हीटरचे गणित करू. दाब २३० व्होल्ट आणि शक्ती २००० वॅट. म्हणून प्रवाह सुमारे ८.७ अँपियर. हीटरच्या तारेचा रोध येतो सुमारे २६.५ ओहम. ही तार नायक्रोमची, म्हणजे मुख्यतः निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची असते. या मिश्रधातूचे पेटंट अल्बर्ट मार्श या अमेरिकन संशोधकाने १९०६ साली मिळवले. तापल्यावर तिच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो. म्हणून लाल होऊनही ती वर्षानुवर्षे टिकते.

हाच ८.७ अँपियर प्रवाह वायरमधूनही जातो, प्लगमधूनही जातो. मग हीटर लाल होतो आणि वायर का होत नाही? कारण वायरच्या तांब्याचा रोध अगदी थोडा असतो. प्रवाह सगळीकडे सारखाच. उष्णता मात्र जिथे रोध आहे तिथे निर्माण होते. चांगल्या हीटरचे सारे रहस्य एवढेच, की रोध जिथे हवा तिथेच ठेवलेला असतो.

आता तुमच्या त्या आगकाड्यांच्या जोडाकडे या. तिथे तांबे आणि पितळ यांचा स्पर्श अगदी थोड्या जागी होतो. त्यातच धूळ, गंज आणि काजळी. अशा जोडाचा रोध अर्धा ओहम आहे असे धरा. अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही असे तुम्हाला वाटेल. पण हिशेब करा. एकूण रोध झाला सुमारे २७ ओहम आणि प्रवाह ८.५ अँपियर. या प्रवाहाचा वर्ग करून त्याला अर्ध्याने गुणा. उत्तर येते सुमारे ३६ वॅट.

छत्तीस वॅट म्हणजे किती? तुमच्या टेबलावर जी सोल्डरिंग आयर्न आहे, ती साधारण २५ किंवा ३५ वॅटची असते. कथील आणि शिसे यांचा डाख ती सहज वितळवते, म्हणजे तिचे टोक १९० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. वायरवरचे साधे पीव्हीसीचे वेष्टन मात्र ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी केलेले असते. तेव्हा तुम्ही जणू एक सोल्डरिंग आयर्न चालू करून सॉकेटच्या प्लॅस्टिकमध्ये कोंबून ठेवली आहे! खोलीत शेगड्या दोन आहेत. एक तुम्हाला दिसते. दुसरी प्लगमध्ये लपलेली आहे.

ही दुसरी शेगडी दिवसेंदिवस अधिक तापत जाते. उष्णतेमुळे पितळेवर ऑक्साइडचा थर चढतो आणि आतल्या पात्यांचा ताण कमी होतो. त्यामुळे जोड आणखी सैल पडतो, रोध वाढतो, आणि रोध वाढला की उष्णताही वाढते. अखेर प्लॅस्टिक करपते आणि एखाद्या दिवशी ठिणगी पडते.

मग फ्यूज का उडत नाही? कारण फ्यूजला फक्त प्रवाह कळतो. प्रवाह ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की तो वितळतो. इथे तर प्रवाह ८.७ वरून ८.५ वर आला, म्हणजे थोडा कमीच झाला. फ्यूजच्या दृष्टीने सारे काही ठीक आहे. नव्या घरांत फ्यूजऐवजी एमसीबी असते. तिलाही हे कळत नाही. गळती ओळखणारी आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांची तुलना करते. पण सैल जोडातून गळती होत नाही, म्हणून तीही गप्प राहते. पहारेकरी तिघे, आणि चोर तिघांच्याही समोरून जातो. त्याला पकडू शकतात ती तुमची नाक, डोळे आणि हात.

जोडाचा रोध स्वतः पाहायचा असेल तर एक निर्धोक प्रयोग करा. घरातील विजेला हात लावू नका. टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचा छोटा दिवा आणि वायरचे तुकडे घ्या. मंडलात एक गंजलेला खिळा जोडा. दिवा लागणार नाही, किंवा लुकलुकेल. आता खिळा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि वायर त्यावर घट्ट आवळा. दिवा प्रखर लागेल. सेल तेच, दिवाही तोच. बदलला तो फक्त जोड.

आता त्या लोंबणाऱ्या हिरव्या वायरविषयी. हीच अर्थिंगची वायर. हीटरचा धातूचा सांगाडा ती जमिनीशी जोडते. आत एखादी वायर सुटून सांगाड्याला चिकटली, तर प्रवाह या वाटेने जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. ती वाट नसेल तर प्रवाह तुमच्या शरीरातून वाट काढील. शरीरातून १० मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह गेला तरी पकडलेली वस्तू सुटेनाशी होते. त्याहून अधिक प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. म्हणून घरातील आरसीसीबी ३० मिलिअँपियरची असते. पत्र्याच्या खोलीत तर विशेष काळजी हवी. वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली गेली, तर सारी भिंतच विजेने भारली जाते. अर्थिंगचा खड्डाही विसरू नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते, आणि कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे ते यासाठीच.

तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

(१) हीटरसाठी जाड पिनांचे १६ अँपियरचे सॉकेट जाणत्या वायरमनकडून बसवून घ्या. बारीक पिनांचे सॉकेट केवळ ६ अँपियरसाठी असते. हीटर एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका.

(२) हीटर पंधरा मिनिटे चालल्यावर बटण बंद करा आणि मोठ्या माणसांना प्लगची पाठ चाचपायला सांगा. ती चांगलीच गरम लागली, पिना काळवंडल्या असल्या किंवा सॉकेटमधून तडतड ऐकू आली, तर सॉकेट बदलायलाच हवे.

(३) भुसा, कागद, कपडे हीटरपासून निदान एक मीटर दूर ठेवा. थिनर आणि पेट्रोल त्या खोलीत नकोच. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाऊन खाली ठेवलेल्या हीटरच्या लाल तारेपाशी पेट घेते.

(४) उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार कधीही बांधू नका.

(५) सॉकेट पेटलेच तर पाणी टाकू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग कोरडी वाळू किंवा माती टाका, आणि मोठ्यांना हाक मारा.

(६) खोलीबाहेर जाताना किंवा झोपताना हीटर बंद करून प्लग काढून ठेवा.

भूकंपानंतर या भागात घरे दुरुस्त करताना आणि नव्याने बांधताना भिंती एकमेकींना काँक्रीटच्या पट्ट्यांनी बांधण्यावर अभियंत्यांनी भर दिला. भिंतीत दगड पूर्वीही होते; उणीव होती ती त्यांना धरून ठेवणाऱ्या जोडांची. विजेचेही तसेच आहे. हीटर उत्तम असेल, वायर नवी असेल, तरी एक सैल जोड घात करू शकतो. भूकंप आपल्या हाती नाही. प्लगचा स्क्रू मात्र आपल्या हाती आहे. आज शाळेतून घरी गेल्यावर मोठ्यांना सोबत घेऊन घरातील प्रत्येक प्लग आणि सॉकेट एकदा नीट पाहून घ्या. काळवंडलेले एक जरी सापडले, तरी तुमचा दिवस कारणी लागला असे समजा.