टायरवरून हात फिरवा

आमच्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत पिकअप म्हणजे घरातली एक कमावती व्यक्तीच. केडगावच्या बाजारात जाणारा कांदा, गुऱ्हाळावरच्या गुळाच्या ढेपा, पहाटेचे दुधाचे कॅन, सगळं तिच्याच पाठीवर. गाडी चालवतो घरातला पुरुष, पण हप्ता भरतं अख्खं घर. म्हणूनच मैत्रिणींनो, आज विषय थोडा वेगळा घेतलाय. गाडी ‘लो’ करण्याच्या हौसेचा आणि त्यानंतर पुढच्या चाकांचं काय होतं त्याचा.

ही हौस काही आपल्याच पोरांची नाही बरं का. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली आणल्या. तिथं तो थाट होता. आपल्याकडे मात्र त्याच गाडीत दुसऱ्या दिवशी कांद्याच्या गोण्या भरायच्या असतात.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. गावच्या यात्रेआधी मुलानं ती पुढून खाली बसवून घेतली. दिसायला झोकात दिसू लागली. चार महिन्यांनी ताईंचा गटाचा हप्ता थकला. वही काढून बसलो. भाडं तेवढंच, डिझेल तेवढंच. वाढला होता तो टायरचा खर्च. पुढचे दोन्ही नवे टायर आतल्या कडेनं पार गुळगुळीत झाले होते. बाहेरून नक्षी शाबूत दिसत होती, त्यामुळे कुणाच्या लक्षातच आलं नाही. एका दुकानात अलाइनमेंट करून घेतली होती, तरी टायर खाणं थांबेना. मग चौफुल्यावरून दौंडला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो, तेव्हा उलगडा झाला.

काही जुन्या पिकअपला पुढं पाट्यांऐवजी टॉर्शन बार असतो. म्हणजे पीळ दिलेली लोखंडी सळई. तिचा बोल्ट सैल केला की गाडी पुढून खाली बसते. नवा पार्ट लागत नाही, खर्च जवळपास शून्य. पोरांना मोह पडतो तो इथंच. पण चाक धरणारे वरचे-खालचे आर्म त्यामुळे तिरके होतात. चाकाचा माथा आत झुकतो. याला कॅम्बर म्हणतात. सगळा भार टायरच्या आतल्या कडेवर येतो. चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलीत की बाहेर फाकलीत, तो टो. तोही बिघडतो. गाडी पुढून जास्त खाली गेली तर कॅस्टर कमी होतो. मग स्टेअरिंग सरळ राहायला कुरकुरतं, मोकळ्या रस्त्यावर गाडी भरकटल्यासारखी वाटते. पुढं एकसंध ॲक्सल आणि पाटे असतील तर कॅम्बर सहसा तसाच राहतो, पण कॅस्टर आणि टो तपासावेच लागतात.

आधीच्या दुकानात फक्त टो काढून दिला होता. मिस्त्रींनी कामाचा क्रम सांगितला, तो लिहून ठेवण्यासारखा आहे. आधी चारी टायरमध्ये हवा सारखी. मग बॉल जॉइंट, बुश, टाय रॉडच्या टोकांचा खेळ तपासायचा. सैल सांध्यावर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. नंतर दोन्ही बाजूंची उंची टेपनं मोजून सारखी करायची आणि गाडी थोडी फिरवून बसू द्यायची. मग कॅम्बर आणि कॅस्टर. टो सगळ्यात शेवटी, स्टेअरिंग सरळ धरून. कारण पहिल्या दोन गोष्टी हलल्या की टो आपोआप बदलतो.

आणि एक गोष्ट. कंपनीच्या पुस्तकातले आकडे कंपनीच्या उंचीसाठी असतात. गाडी फार खाली असेल तर मशीनवर आकडा जुळतो, पण खड्ड्यात चाक वर गेलं की टो पुन्हा बदलतो आणि स्टेअरिंगला झटका बसतो. त्यात माल भरला की चाकाला वर-खाली व्हायला जागाच उरत नाही. आमच्याकडचे गतिरोधक तुम्हाला ठाऊक आहेतच! ताईंच्या मुलानं हे ऐकलं आणि स्वतःच गाडी मूळ उंचीला आणायला सांगितली. त्यानंतरही अलाइनमेंट नव्यानं करावंच लागलं.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही हा बदल आडवा येऊ शकतो.

आता आपण घरबसल्या काय पाहायचं? गाडी थंड, बंद आणि हँडब्रेक ओढलेली असताना टायरवरून हाताचा तळवा आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एकीकडून मऊ आणि दुसरीकडून किसणीसारखं लागलं तर टो बिघडलाय. हाताला तार टोचणार नाही, एवढं बघा. आतली कडच झिजली असेल तर संशय कॅम्बरवर. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदलायचाच. दर महिन्याला हे पाहून तारखेसह वहीत लिहा.

मुलांना रागावून हौस जात नाही. झिजलेला टायर आणि खर्चाची वही शेजारी शेजारी ठेवून बोललात, तर ती ऐकतात. पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून आपल्यालाही बाजाराला जायचं असतं ना!