शेजाऱ्याच्या मदतीला जाताना

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमला लष्कर आता ‘विजय दुर्ग’ म्हणते. नाव आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून घेतलेले. लष्कराच्या पूर्व विभागाचे हे मुख्यालय. भूतानची दक्षिण सीमाही याच विभागाकडे येते, आणि डिसेंबर २००३ मध्ये त्या सीमेवर जे घडले ते मराठी वाचकाने जाणून घ्यावे असे आहे.

आसाममधली उल्फा, बोडोंची एनडीएफबी आणि उत्तर बंगालमधली केएलओ या सशस्त्र संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलांत ३० तळ थाटले होते. भारतात हल्ला करायचा आणि सीमा ओलांडून पसार व्हायचे. भूतानने कित्येक वर्षे बोलणी केली, निघून जा म्हणून विनवले. अखेर १५ डिसेंबरला राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः आघाडीवर राहिले आणि भूतानी सैन्य तळांवर चालून गेले. मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन ऑल क्लिअर’. आपल्या जवानांनी सीमेची नाकेबंदी केली, पळून येणाऱ्यांना पकडले, जखमी भूतानी सैनिकांना हेलिकॉप्टरने उपचारासाठी हलवले. तळ लवकरच उद्ध्वस्त झाले.

सीमेवर थांबण्याचा हा संयम मला फार मोलाचा वाटतो, कारण श्रीलंकेत आपण तो दाखवला नव्हता. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपली शांतिसेना तिथे उतरली ती तमिळ संघटनांची शस्त्रे जमा करून घ्यायला. ऑक्टोबरमध्ये त्यांतल्याच लिट्टे या संघटनेशी युद्ध जुंपले. ज्या तमिळांच्या सुरक्षेची हमी दिली, त्यांच्याच वस्त्यांत लढावे लागले. सिंहलींनाही परके सैन्य नको होते. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथेच धारातीर्थी पडले. छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला ठार केले होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे बाराशे जवान गेले होते. त्यांच्या शौर्यात काही कमी नव्हते. चुकले ते दिल्लीतल्या राजकीय निर्णयात.

भूतानमध्ये लढायचे की नाही हे भूतानने ठरवले, त्यांच्या राष्ट्रीय सभेत त्यावर चर्चा झाली आणि लढले त्यांचेच सैन्य. म्हणूनच ते यश टिकले. आपल्या भूमीचा वापर दुसऱ्याच्या सुरक्षेविरुद्ध होऊ देणार नाही, हे वचन दोन्ही देशांनी २००७ च्या मैत्री करारात लिहून दिले आहे.