सरडे गावचा तिरंदाज : खेळाडूच्या कारकिर्दीची पहिली वर्षे

मुलाने वा मुलीने खेळालाच वाहून घ्यायचे म्हटले, की पालक आधी विचारतात ते पोटापाण्याचे : यातून घर चालेल काय, आणि नाहीच जमले तर पुढे काय? निवासी शाळा चालवताना हा प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. त्याला उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा सातारा आणि सांगली या शेजारी जिल्ह्यांतील दोन खेळाडूंच्या आरंभीच्या वर्षांकडे वाचकांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटले. दोघांचाही जन्म जुलै १९९६ मधला. दोघेही पुढे भारताकडून खेळले. मात्र त्यांना तेथवर नेणाऱ्या वाटा अगदी वेगळ्या आहेत.

सांगलीच्या स्मृती मानधनाची वाट बहुतेकांना ठाऊक असल्याने ती थोडक्यात सांगतो. वडील आणि भाऊ दोघेही सांगली जिल्ह्याकडून क्रिकेट खेळलेले. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आली, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात. एप्रिल २०१३ मध्ये तिने भारताकडून पदार्पण केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बडोद्याला गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा काढल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महिला क्रिकेटपटूंना क्रिकेट नियामक मंडळाचे वार्षिक करार मिळू लागले ते २०१५ साली. म्हणजे देशाकडून खेळू लागल्यावरही दोन वर्षे तिला असा करार नव्हता. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन हीट संघाने तिला घेतले, आणि २०२३ च्या महिला प्रीमियर लीगच्या लिलावात ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. पदार्पण आणि ही रक्कम यांमध्ये दहा वर्षे आहेत. त्या आधीचा, बालपणापासूनचा सारा भार घराने उचलला होता.

ज्या घराला असा भार उचलता येत नाही, तेथील मुलाचे काय? याच्या उत्तरासाठी फलटण तालुक्यातील सरडे या गावी जावे लागते.

प्रवीण जाधवचे आईवडील रोजंदारीवर राबणारे. शाळा सोडून मजुरीला लागण्याची वेळ त्याच्यावरही आली होती. जिल्हा परिषद शाळेतील भुजबळ गुरुजींनी त्याला धावण्याच्या स्पर्धांकडे वळवले, कारण त्यांतून चार पैसे बक्षीस मिळण्याची आशा होती. परंतु सरावात मुलगा चक्कर येऊन कोसळला. अंगात बळच नव्हते. गुरुजींनी आधी त्याच्या खाण्याची व्यवस्था लावली, मग धावण्याचे पाहिले. हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो. पुढे तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. ही निवासी योजना आहे : निवास, आहार, शाळा आणि प्रशिक्षण एकाच छपराखाली. रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, त्या मातीतल्या वाचकांना वसतिगृहाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही.

प्रबोधिनीत एका चाचणीत दहा मीटरवरून कड्यात चेंडू टाकायचे होते. प्रवीणचे दहाच्या दहा चेंडू आत गेले. पायांपेक्षा डोळा आणि हात तयार आहेत हे ओळखून त्याला तिरंदाजीकडे वळवण्यात आले आणि तो अमरावतीच्या प्रबोधिनीत गेला.

तिरंदाजी ही केवळ नेमबाजी आहे, असा अनेकांचा समज असतो. ऑलिंपिकमधील लक्ष्य सत्तर मीटरवर असते आणि पुरुष तिरंदाजाला प्रत्येक बाणासाठी सुमारे वीस किलो वजनाइतका ताण तीन बोटांनी ओढून, हात न हलू देता, रोखून धरावा लागतो. मानांकन फेरीत असे बहात्तर बाण मारायचे. सरावात तर दिवसाला शेकडो. बालपणी पोटभर न जेवलेल्या शरीराला हे कसे पेलावे? आधुनिक धनुष्य हाती आल्यावर प्रवीणचे खांदे साथ देईनात, गुण घसरले, आणि त्याला प्रबोधिनीतून काढण्याची वेळ आली. गुरुजींनी पुन्हा रदबदली केली. शेवटची संधी म्हणून पाच बाण देण्यात आले. पन्नासपैकी पंचेचाळीसच्या वर गुण मिळवून त्याने आपली जागा राखली.

'झोपडीतून ऑलिंपिककडे' अशा मथळ्यांत हे पाच बाण हरवून जातात. त्यांतला एक जरी वाऱ्याने सरकला असता, तर मुलगा घरी परतला असता आणि त्याचे नावही आपल्याला कळले नसते. असे परतलेले किती असतील, याचा विचार निवासी संस्था चालवणाऱ्यांनी केलाच पाहिजे. मुलाची गुणवत्ता मोजताना तो किती दिवसांपासून नीट जेवतो आहे, हेही विचारावयास हवे.

रग्बी युनियनसारखा खेळ १९९५ पर्यंत अधिकृतरीत्या हौशी होता. आज इंग्लंडमध्ये व्यावसायिक क्लब शाळकरी वयातच मुले हेरून स्वतःच्या अकादमीत घडवतात आणि त्यांतील निवडकांशी करार करतात. आपल्याकडे क्रिकेट, कबड्डीसारखे मोजके खेळ सोडले तर असा क्लब नाही. त्याची जागा नोकरी घेते : सेना, रेल्वे, पोलीस. २०१६ मध्ये बँकॉकच्या आशिया चषकात सांघिक कांस्य मिळवणारा प्रवीणही खेळाडू म्हणून भारतीय सेनेत भरती झाला. पगार, आहार आणि सराव यांची एकदम सोय झाली. पालकांनी विचारलेल्या 'पुढे काय' या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापुरते तेथे मिळाले.

जून २०१९ मध्ये नेदरलँड्समधील जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय, अतनू दास आणि प्रवीण यांच्या संघाने रौप्यपदक जिंकले आणि टोकियोची पात्रताही मिळवली. जुलै २०२१ मध्ये टोकियोच्या मानांकन फेरीत प्रवीणने ७२० पैकी ६५६ गुण घेतले. तो एकतिसावा आला, परंतु भारतीय पुरुषांत पहिला, आणि म्हणून मिश्र दुहेरीत दीपिकाकुमारीच्या जोडीला तोच उतरला. ही जोडी उपांत्यपूर्व फेरीत कोरियाकडून हरली. वैयक्तिक स्पर्धेत त्याने रशियाच्या गालसान बाझारझापोव्हला ६-० असे हरवले. त्याच दिवशी पुढच्या फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनने त्याला तितक्याच फरकाने पराभूत केले.

पदकावाचून तो परतला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी निवडलेल्या तीन भारतीय पुरुष तिरंदाजांत सरडे गावचा हा तिरंदाज पुन्हा होता.