वाढवलेली कातडी पुढे कशी वागते?

ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये लंडनच्या वाचकांनी पुण्यातल्या एका शस्त्रक्रियेची हकिगत वाचली. इंग्रज फौजेकडे बैल हाकणारा कावसजी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला होता. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. सुमारे वर्षभराने, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचं नाक करून त्याचं माप कपाळावर उतरवलं, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली आणि नवं नाक घडवलं. १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये हीच रीत वापरली. नाक गेलेल्या माणसासाठी आजही सर्जन कपाळाकडेच पाहतात.

पण कपाळ केवढंसं! तिथली कातडी घेतल्यावर उरलेली जखम कशाने झाकायची?

एक मार्ग म्हणजे कातडी आधीच वाढवून घेणं. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स न्यूमन यांनी कानाच्या पुनर्रचनेसाठी कातडीखाली रबरी फुगा ठेवून ती वाढवली. या प्रयोगाकडे तेव्हा फारसं कुणी वळलं नाही. सत्तरच्या दशकात चेडोमिर राडोव्हान यांनी सिलिकॉनची पिशवी वापरात आणली आणि स्तनाच्या कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेत ती रुळली. रिकामी पिशवी कातडीखाली ठेवायची, टाके भरले की साधारण दर आठवड्याला सुईने थोडं सलाईन भरायचं. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, पिशवी काढून वाढलेली कातडी हवी तिथे सरकवायची.

ही कातडी नुसती ताणली जाते की खरोखर वाढते? दोन्ही घडतं. ब्रुसेल्समधल्या सेड्रिक ब्लाँपँ यांच्या गटाने २०२० मध्ये उंदरांवर दाखवलं, की ताण बसताच त्वचेतल्या मूळपेशी स्वतःसारख्या पेशी अधिक प्रमाणात तयार करू लागतात. म्हणजे नवी त्वचा जन्माला येते. मात्र सगळे थर सारखे वाढत नाहीत. बाह्यत्वचा जाड होते, तिच्याखालची अंतस्त्वचा पातळ होते. चरबी झिजते, स्नायूही रोडावतो. केसांची मुळं वाढत नाहीत, फक्त त्यांच्यातलं अंतर वाढतं. रंग बऱ्याचदा गडद होतो. पिशवीभोवती तंतूंचं वेष्टण तयार होतं आणि त्यात रक्तवाहिन्यांची दाटी होते. सर्जनला खरा लाभ इथे मिळतो. १९८३ मध्ये डुकरांवर झालेल्या प्रयोगात, अशा कातडीचा उचललेला पट्टा साध्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक लांबीपर्यंत जिवंत राहिला.

पिशवी निघाली की ताण सुटतो आणि कातडी लगेच आक्रसते. म्हणून गरजेपेक्षा जास्तच वाढवून ठेवावी लागते. नव्या जागी रुळताना बाह्यत्वचेची जाडी पूर्वपदावर येते, वेष्टण विरघळतं, जादा रक्तवाहिन्या कमी होतात, काळसरपणा उतरतो. याला काही महिने जातात. अंतस्त्वचा सर्वांत सावकाश सावरते. तिची वाट वर्ष-दोन वर्षंही पाहावी लागते. नाकाच्या बाबतीत हे आक्रसणं फार छळतं. आत बरगडीच्या किंवा कानाच्या कूर्चेचा भक्कम सांगाडा नसेल, तर नाकपुड्या ओढल्या जातात. त्यामुळेच काही सर्जन नाकासाठी कपाळ फुगवायला आजही कचरतात, आणि त्यांची ही सावधगिरी रास्त आहे.

काही गोष्टी मात्र मुळीच बदलत नाहीत. पोटावरची कातडी चेहऱ्यावर आली तरी रंगाने पोटाचीच राहते. तिच्याबरोबर आलेली चरबी माणूस जाडावला की तिथेही वाढते. डोक्याची कातडी जिथे नेऊ तिथे केस उगवते. भाजल्याने पडलेलं टक्कल झाकताना हाच गुण कामी येतो. चेहऱ्यासाठी म्हणूनच मान, खांदा, छातीचा वरचा भाग अशी जवळची जागा शोधतात. शांघायचे चिंगफेंग ली यांनी तर मांडीतल्या रक्तवाहिन्या आधी छातीच्या कातडीखाली बसवल्या, मग ती कातडी वाढवून भाजलेल्या चेहऱ्यांवर नेली.

हा उपचार सोपा नाही. ऐन चेहऱ्यावर फुगवटा घेऊन माणसाला कामावर, शाळेत, लग्नकार्यात वावरावं लागतं. जंतुसंसर्ग झाला किंवा पिशवी उघडी पडली, तर सगळं काम वाया जाऊ शकतं. घरात कुणाला हा उपचार सुचवला असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा: कातडी कुठली घेणार, किती आक्रसेल, दुरुस्तीच्या शस्त्रक्रिया किती लागतील? आणि टाके काढल्या दिवशीच्या फोटोंवर समाधान मानू नका. जुन्या रुग्णांचे दोन वर्षांनंतरचे फोटो पाहायला मागा.